भुंड्या काळ्या गायींच्या मुलखात पाच दिवस

खिल्लारांची शिंगे, वशिंड आणि चाल पाहण्यात ज्याची सारी नोकरी गेली, त्याने बिनशिंगी आणि बिनवशिंडी गुरे पाहायला सातासमुद्रापार जावे, यावर आमच्या आटपाडीत बरीच थट्टा झाली. मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मुलगी स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला नोकरीस असते. तिच्या एका सहकाऱ्याचे आईवडील टरिफ गावाजवळ ॲबरडीन-अँगस जातीची गुरे पाळतात, प्रदर्शनात उतरवतात आणि वळू विकतात. ऑगस्टच्या सुरुवातीला टरिफचे दोन दिवसांचे मोठे पशुप्रदर्शन असते. त्या सुमारास या, असे त्या कुटुंबाने कळवले आणि मी व सौ. निघालो. ही गुरे मांसासाठी पाळली जातात, हे ठाऊक होते. सौ. माळकरी आहे, मी मटण-मासे खातो, गोमांस खात नाही. हे आधीच मोकळेपणाने कळवल्यामुळे पाचही दिवस जेवणाच्या टेबलावर कुणाला अवघडल्यासारखे झाले नाही.

पहिला दिवस : ॲबरडीन ते टरिफ

ॲबरडीनहून टरिफ सुमारे 55 किलोमीटर. शहर संपले की दोन्ही बाजूंना सातूची पिवळी शेते आणि मधल्या हिरव्या कुरणांत काळी गुरे, असे चित्र शेवटपर्यंत बदलत नाही. अंगणात गाडी थांबताच थोरल्या यजमानांनी पुढे येऊन विचारले, "फिट लाइक?" मुलीने मला वाटेतच पढवून ठेवले होते, त्यामुळे मी "ने बॅड" असे ठोकून दिले. हे त्या भागातल्या डोरिक बोलीतले 'कसे काय?' आणि 'बरे आहे'. माझे उत्तर ऐकून गृहस्थ इतके खूश झाले, की पुढची दहा मिनिटे ते त्याच बोलीत बोलत राहिले आणि मला एक अक्षर कळले नाही. मुंबईचा पाहुणा माणदेशी बोलीत 'बरं हाय' म्हणाला की आमचे म्हातारे असेच सुटतात.

घरात तीन पिढ्या : सत्तरी ओलांडलेले थोरले दांपत्य, शेती सांभाळणारा मुलगा आणि सून, आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी. साठेक गायी, त्यांची वासरे, दोन वळू, आणि एवढ्या कामाला बाहेरचा गडी एकही नाही. रात्री नऊ वाजता बाहेर लख्ख उजेड असताना जेवणे उरकली आणि नात "कालवडीला फिरवून आणते" म्हणून मोरखी घेऊन निघून गेली. मी खिडकीतून पाहत होतो. सहाशे किलोंच्या आसपासचे जनावर त्या पोरीच्या मागे वीतभर ढिल्या दोरीने चालत होते.

शाकाहारी मंडळींसाठी इथेच एक सूचना. ॲबरडीनकडची खास न्याहारी म्हणजे 'रोई', अर्थात खारट, चपट्या, पदर सुटणाऱ्या पावासारखा पदार्थ. त्यात परंपरेने डुकराची चरबी असते. यजमानीणबाईंनी स्वतःहून सांगितले म्हणून बरे, नाहीतर सौ.ने तो लोण्याचा समजून खाल्ला असता. तिने मग साध्या टोस्टवर घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून नातही तेच मागू लागली. भारतातून ब्रिटनमध्ये दूध व मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, त्यामुळे तूप, पेढे, खव्याचे काही बरोबर घेऊ नये. चटणी, मसाले चालतात.

दुसरा दिवस : कुरण आणि खिशातली वही

सकाळी समुद्रावरून आलेल्या धुक्याने सगळे रान झाकले होते. या धुक्याला तिकडे 'हार' म्हणतात. गोठ्याच्या तोंडाशी औषधी पाण्याची बादली आणि ब्रश ठेवला होता. गमबूट घासून धुतल्याशिवाय कुणालाही आत प्रवेश नाही, निवृत्त डॉक्टरलाही नाही. 2001 साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत पसरली तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. साथ या भागापर्यंत पोचली नाही, पण ते वर्षभर शेताच्या फाटकाशी निर्जंतुकाने भिजवलेला पेंढा अंथरलेला असे, असे थोरल्यांनी सांगितले. 2022 मध्ये लम्पीमुळे आमच्याकडचे जनावरांचे बाजार बंद पडले होते, ते दिवस मला आठवले.

गुरे पाहताना माझी पहिली फजिती झाली. एका कालवडीचे वय ठरवण्यासाठी सवयीने मी तिचा खालचा ओठ धरायला गेलो. आमच्या बाजारात दातांवरून वय धरतात आणि 'आदत' (अजून दुधाचेच दात असलेले), 'दोन दाती', 'चार दाती' याच भाषेत सौदा होतो. थोरल्यांची सून हसली आणि तिने अंगरख्याच्या खिशातून एक मळकी, कोपरे मुडपलेली वही काढली. कालवडीच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, जन्मतारीख, जन्माचे वजन, आई कोण, बाप कोण, विताना मदत लागली की नाही, वासरू उठून आचळाला लागायला किती वेळ घेतला. सगळे एका ओळीत, पेन्सिलीने. पेन्सिलीने का, तर शाई पावसात उतरते. संध्याकाळी हीच ओळ संगणकावर चढते, तिथून जातिनोंद संस्थेकडे जाते, आणि तिथल्या आकडेमोडीतून प्रत्येक जनावराचे अपेक्षित गुण ठरून परत येतात : वासरू सहज होईल का, वाढ कशी होईल, पाठीचा स्नायू किती भरेल.

मला त्या संगणकाचे फारसे अप्रूप वाटले नाही. वहीचे वाटले. कारण नोकरीतली निदान पंधरा वर्षे मी खिल्लार पाळणाऱ्यांच्या मागे 'लिहून ठेवा' म्हणून लागलो होतो. आमच्या माणसांची नजर कमी नाही. खरसुंडीच्या यात्रेत एखादा म्हातारा खोंडाकडे पाहून त्याच्या आजीचे गाव सांगतो आणि ते बरोबर निघते. पण म्हातारा गेला की खोंडाची आजीही जाते. मी स्वतः चार गावांची रजिस्टरे तयार केली होती. एका कार्यालयाच्या स्थलांतरात ती रद्दीत गेली, आणि गेली हे मलाही दोन वर्षांनी कळले.

हे मी जेवताना बोललो तेव्हा थोरले उठले आणि कपाटातून जातिवंशावळीचा एक जुना खंड घेऊन आले. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. या भागातल्या भुंड्या गुरांना पूर्वी अँगस परगण्यात 'डॉडी' आणि बकन भागात 'हमली' म्हणत. ह्यू वॉटसन, विल्यम मॅकॉम्बी आणि जॉर्ज मॅकफर्सन-ग्रँट या तिघांनी त्यांतून एक जात घडवली. तिची वंशावळ छापण्यासाठी जमवलेले कागद 1851 मध्ये एडिंबराला लागलेल्या आगीत जळून गेले. मग पुन्हा गावोगाव पत्रे, पुन्हा चौकशा, आणि पहिला खंड निघाला तो 1862 साली. वॉटसन यांच्या कळपातला 'ओल्ड जॉक' हा वळूंमध्ये पहिल्या क्रमांकाचा आणि 'ओल्ड ग्रॅनी' ही गायींमध्ये. ही म्हातारी गाय 1824 मध्ये जन्मली, तिला 29 वासरे झाली आणि 1859 मध्ये वीज पडून ती मेली. "आगीनंतर अकरा वर्षे लागली," असे म्हणून थोरल्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. मी रद्दीनंतर किती वर्षे काही केले नाही, हा हिशोब त्यांनी विचारला नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. या जातीत घराण्याचे नाव आईकडून चालते. 'एरिका', 'प्राइड', 'जॉर्जिना' ही गायींची घराणी; लेकीला आईच्या घराण्याचे नाव मिळते आणि वळू कितीही नामांकित असला तरी तो घराण्यात पाहुणाच.

शेतावर जाणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. फाटक जसे सापडले तसेच ठेवावे. उघडे असले तर उघडे, बंद असले तर बंद. आणि वासरू व गाय यांच्या मधून कधीही चालू नये. अँगस गाय शिंगाशिवायही माणसाला आडवे करू शकते.

तिसरा दिवस : बॅलिंडलोख आणि कलनचे सूप

स्पे नदीच्या खोऱ्यात बॅलिंडलोखचा किल्ला आहे. मॅकफर्सन-ग्रँट घराण्याची ही वस्ती, आणि 1860 मध्ये सुरू झालेला इथला अँगसचा कळप जगातला सर्वांत जुना अखंड कळप मानला जातो. टरिफहून दीडेक तास लागतो. किल्ला वर्षभर उघडा नसतो. निघण्यापूर्वी दिवस आणि वेळा पाहून घ्याव्यात. आतली दालने मी घाईने पाहिली. माझा जीव बाहेरच्या कुरणात अडकला होता.

तिथे एक साधी आणि हुशारीची व्यवस्था पाहिली. इस्टेटीतल्या सातूपासून तिथेच व्हिस्की गाळतात आणि उरलेला ओला चोथा गुरांना जातो. त्या चोथ्याला 'ड्राफ' म्हणतात. आमच्याकडे उसाचे वाढे आणि पेंड यांचे जे स्थान, तेच या खोऱ्यात ड्राफचे. मूठभर हातात घेऊन वास घेतला. भिजवलेल्या गव्हाच्या सत्त्वासारखा आंबूस गोड वास होता.

परतताना कलन या किनाऱ्यावरच्या गावी थांबलो. धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटे, कांदा आणि दूध यांचे दाट सूप ही तिथली खासियत. 'कलन स्किंक' हे तिचे नाव. बाहेर पाऊस आडवा मारत होता, त्यामुळे मी दोन वाट्या घेतल्या. सौ.ने खिडकीपाशी बसून चहावर भागवले.

टरिफ गावात शिरताना एका पांढऱ्या गायीमुळे गाजलेली गोष्ट यजमानांच्या मुलाने सांगितली. 1913 मध्ये इथल्या एका शेतकऱ्याने नव्या राष्ट्रीय विम्याची मजुरांसाठीची वर्गणी भरायला नकार दिला, तेव्हा सरकारने त्याची गाय जप्त करून लिलावात काढली. लिलावाच्या दिवशी लोकांनी दंगा केला, अंडी फेकली, आणि अखेरीस शेजारपाजारच्यांनी ती गाय विकत घेऊन मालकाला परत केली. तिचा पुतळा आज गावात उभा आहे. जप्तीच्या भीतीने रातोरात बैल पाहुण्यांकडे पोचवल्याच्या कथा आमच्या दुष्काळी भागातही कमी नाहीत, पण पुतळा कुणी उभारलेला नाही.

रात्री गोठ्यात कालवडीची आंघोळ. साबण, ब्रश, पाण्याचा फवारा, मग मोठ्या आवाजाच्या यंत्राने गरम हवा मारून केस वाळवणे, केस उभे राहतील असे उलटे विंचरणे, आणि पाठीची रेघ सरळ दिसावी म्हणून कात्रीने एकेक केस साधणे. शेपटीचा गोंडा नातीने स्वतःच्या वेणीसारखा उकलून विंचरला. आमच्याकडे यात्रेच्या आदल्या रात्री शिंगे तासून तेल लावतात, गोंडे बांधतात, झूल झटकतात. इथे सजावट एकही नाही, सगळी मेहनत केस आणि मांस यांचा आकार दाखवण्यासाठी. पोरीच्या हाताला थंडीने काटा आला होता, तरी ती कुणाला ब्रश देत नव्हती.

चौथा दिवस : टरिफचे प्रदर्शन

पहाटे पाचला गाडी भरली. मैदानावर पोचताच गुडघाभर पेंढ्याची गादी, तिच्यावर कालवड, आणि तिच्या मागे फावडे घेऊन आळीपाळीने घरातले एक माणूस. शेण पडले रे पडले की उचलायचे. अंगाला लागू द्यायचे नाही. मला वाटले होते की प्रदर्शनात कुटुंब मिरवत असेल. प्रत्यक्षात थोरल्यांनी सकाळची दोन तासांची पाळी शेण उचलण्यात घालवली, आणि येणारा-जाणारा त्यांना थांबून वळूंचे भाव विचारत होता.

वर्ग जन्मतारखेप्रमाणे असतात. आमच्या वर्गात आठ कालवडी होत्या. धरणारे सगळे पांढऱ्या डगल्यात, हातात टोकाला आकडी असलेली काठी. तिने जनावराचे पाऊल हवे तिथे सरकवतात आणि अधूनमधून पोट खाजवून त्याला शांत ठेवतात. परीक्षक स्वतः अँगस पाळणारा शेतकरी होता. त्याने अर्धा तास एक शब्द उच्चारला नाही. लांबून पाहिले, मागून पाहिले, चालवून पाहिले, मग एकेकीच्या कमरेवर तळहात सपाट ठेवून दाबला.

तेवढ्या वेळात मी माझा निकाल लावून टाकला होता. उंच, हलक्या अंगाची, घट्ट कातडीची, गळ्याखाली पोळी जवळजवळ नाहीच आणि पाय स्वच्छ, अशी पाचव्या जागेवरची कालवड मला एकदम भरली. मी थोरल्यांच्या कानात सांगितले, "ही पहिली येणार." त्यांनी नम्रपणे मान हलवली. ती आठवी आली. आठांत आठवी!

"तुम्हाला ती नांगराला हवी होती," थोरले म्हणाले आणि पोट धरून हसले. खरेच होते ते. माझे डोळे चाल शोधत होते आणि परीक्षकाचा तळहात कमरेवरचे मांस. आमची कालवड तिसरी आली, पिवळी फीत मिळाली. तिकडे पहिल्याला लाल, दुसऱ्याला निळी, तिसऱ्याला पिवळी असा क्रम असतो. नातीचे ओठ थोडे थरथरले, पण तिने आधी पहिल्या आलेल्या मुलाशी हात मिळवला, मग कालवडीला पाणी पाजले आणि त्यानंतर गाडीच्या आडोशाला जाऊन रडली. तिची आजी तिकडे गेली नाही. तिने फक्त चहा आणि स्ट्रॉबेरीचा केक काढून ठेवला. अवेळी घेतलेल्या अशा चहाला तिकडे 'फ्लाय कप' म्हणतात आणि त्याला वेळकाळ नसतो.

त्या चहावर थोरल्यांनी रिंगणाच्या मोहाची एक जुनी गोष्ट काढली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात स्कॉटलंडमधल्या पर्थच्या बाजारात परदेशी गिऱ्हाइकांना बुटके, गुबगुबीत वळू आवडत, म्हणून पैदासकार वळू लहान लहान करत गेले. 1963 मध्ये 'लिंडर्टिस एव्हल्स' नावाचा वळू 60,000 गिनींना अमेरिकेला विकला गेला. गिनी म्हणजे एक पौंड आणि पाच पेन्स. नाणे केव्हाच गेले, पण वळूचा लिलाव आजही गिनीतच बोलतात. एवढा पैसा मोजल्यावर तो वळू नापीक निघाला. त्या सुमारास फ्रान्सहून शारोलेसारखी मोठ्या हाडाची गुरे आली आणि बुटक्या अँगसला घरातच गिऱ्हाईक राहिले नाही. जात पुन्हा अंगाने वाढवायला एक पिढी खर्ची पडली, आणि ती वाढवता आली याचे कारण वही, असे त्यांचे म्हणणे. कोणत्या गायीची वासरे थोराड होतात, हे लिहिलेले होते.

मी त्यांना आमची हकीकत सांगितली. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2014 च्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या तेव्हा खिल्लार खोंडांना मागणी राहिली नाही, ट्रॅक्टर आधीच आला होता, आणि डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाल्यावर भाव वर गेले. "म्हणजे तुमचे रिंगण आता धावपट्टी आहे," ते म्हणाले, "मग दहा वर्षांनी फक्त धावणारी गाय उरेल की नाही, ते बघा." आमच्याकडे म्हाताऱ्या बैलांचे काय होते, असेही त्यांनी विचारले. 2015 पासून महाराष्ट्रात बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे, एवढे मी सांगितले. पुढचे, म्हणजे दावणीला बांधून ठेवायला कडबा नाही आणि सोडवत नाही, हे सांगताना माझे इंग्रजी अडखळले आणि मुलीने वाक्य पूर्ण केले.

प्रदर्शनाला जाणार असाल तर तिकीट आधी काढावे, पावसाळी कोट आणि गमबूट ऑगस्टमध्येही न्यावेत, आणि सकाळी लवकर पोचावे. दुपारनंतर मैदानात ट्रॅक्टर, पाइप बँड आणि आइस्क्रीमच्या रांगा यांची गर्दी होते आणि परीक्षण पाहायला कठड्याशी जागा मिळत नाही.

पाचवा दिवस : सकाळची गुरांची गाडी

निघण्याच्या दिवशी सहा गोऱ्हे कत्तलखान्याकडे जायचे होते. दोन वर्षांच्या आतले, खच्ची केलेले. त्यांना नावे नसतात, वंशावळीच्या पुस्तकातही ते नसतात. नावे फक्त कळपात राहणाऱ्यांना. यजमानीणबाई हातात सहा पासपोर्ट घेऊन गाडीच्या उतरत्या फळीशी उभ्या होत्या. 1996 मध्ये गुरांच्या मेंदूरोगाने ब्रिटनचा गोमांस व्यापार कोसळला, तेव्हापासून प्रत्येक जनावराला असा पासपोर्ट असतो. मुलगा कानातला क्रमांक मोठ्याने वाचत होता, बाई कागदावर बोट ठेवून "बरोबर" म्हणत होत्या. चौथ्याच्या कानातला बिल्ला शेणाने माखला होता; पुसून, पुन्हा वाचून, मगच तो वर चढला.

सौ. माझ्याशेजारी उभी होती, ती तिसऱ्या गोऱ्ह्यानंतर घरात गेली. नंतर स्वयंपाकघरात तिने मुलीकरवी बाईंना विचारले, की तुम्ही स्वतः का उभ्या राहता, मुलगा आहे ना. बाई म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई उभ्या राहायच्या, त्यांना ही सकाळ आवडत नसे आणि मलाही आवडत नाही, पण वितानाची ओळ ज्याने लिहिली त्यानेच ही ओळ लिहायची असते. मग त्यांनी सुनेची वही मागून घेतली आणि सहा क्रमांकांपुढे तारीख घातली. सौ.ला ते पटले असे नाही. तिने त्यांचा हात मात्र हातात घेतला, आणि उरलेली चटणी डब्यासकट तिथेच ठेवली.

परतल्यानंतर पौषात खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला गेलो. ओळखीच्या एका गाईवाल्याला मी दोनशे पानी वही आणि पेन्सिलींचा बॉक्स देऊन आलो होतो. परवा त्याच्या वस्तीवर जाऊन वही पाहिली. पहिल्या पानावर 'श्री', खाली कडब्याच्या पेंढ्यांची उधारी, दुसऱ्या पानावर नातवाने काढलेले विमान. तिसऱ्या पानावर एकच ओळ : 'राणी गाय, म्हसवडच्या वळूला लावली, पौष वद्य पंचमी.'